अल्प भांडवलाचे भयपट

सुशिक्षित घरांतून ज्यांचे नाव सहसा आदराने घेतले जात नाही, अशा एका जातीच्या चित्रपटांविषयी प्रस्तुत लेखात चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. रात्रीची वेळ, घनदाट रान, रानात एक ओसाड वाडा, वाड्याच्या तळघरात शवपेटीत निजलेले रक्तपिपासू पिशाच आणि मोटार बिघडल्यामुळे नेमके त्याच ठिकाणी येऊन पोचलेले चार तरुण जीव, एवढ्या सामग्रीवर ज्याचा सारा संसार चालतो तो हा भयपट. खर्च बेताचा, नटमंडळी फारशी नावाजलेली नव्हेत, कथानक तर प्रेक्षकांना पाठच झालेले. रसिकाने त्याकडे पाठ फिरवावी यात नवल ते काय?

तथापि वडीलमंडळींनी पाठ फिरविली म्हणून घरातील मुले ते चित्रपट पाहावयाची थांबतात असे मात्र नाही. पूर्वी त्यांसाठी चोरून चित्रगृह गाठावे लागे. आता पांघरुणात मोबाइल धरला की काम भागते. तेव्हा हे चित्रपट कसे तयार होतात, त्यांतील भय कशाचे बनलेले असते आणि ते भय पडद्यावरून उतरून खऱ्याखुऱ्या रानात व गावात शिरले म्हणजे काय होते, याचा विचार कुटुंबातील थोरामोठ्यांनी एकदा शांतपणे करावयास हवा. या विचारासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. अशा चित्रपटांचा आपल्याकडील पहिला मोठा कारखाना मुंबईत आणि महाबळेश्वरी चालला. आणि खऱ्या रानातील भयाचा अलीकडचा सर्वांत बोलका दाखला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घडला आहे.

रक्त पिऊन जगणारे पिशाच ही मूळची आपली कल्पना नव्हे. पूर्व युरोपातील लोककथांत ते होते. पण त्याला आजचे रूप मिळाले ते ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाच्या १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीमुळे. आपल्याकडे भुतांचा दुष्काळ कधीच नव्हता. मुंजा, समंध, हडळ, खवीस, ब्रह्मराक्षस, जखीण अशी त्यांची भलीमोठी बिरादरी आजीच्या गोष्टींतून आपणांस भेटलेली आहे. सोडमुंज होण्यापूर्वीच वारलेला बटू मुंजा होऊन पिंपळावर राहतो, उलट्या पावलांची हडळ वाटसरूला भुलविते, हे कोणाला ठाऊक नाही? परंतु यांपैकी बहुतेकांना हवा असतो तो अपुऱ्या राहिलेल्या वासनेचा निचरा. नियमाने मानेला दात लावून रक्तावर उपजीविका करणारे पिशाच त्यांत शोधून सापडत नाही.

मग ‘व्हॅम्पायर’ या शब्दाशी आपल्या वेताळाची सांगड कोणी घातली? रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाने १८७० साली वेताळपंचविशीतील काही कथा इंग्रजीत उतरविल्या आणि ग्रंथाच्या नावातच विक्रमासोबत ‘व्हॅम्पायर’ हा शब्द घातला. वास्तविक सोमदेवाच्या कथासरित्सागरापासून चालत आलेला आणि सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी मराठीत आणलेला हा वेताळ स्मशानातील झाडावर लोंबकळत असला, प्रेतात वास करीत असला, तरी त्याचे खरे व्यसन गोष्टी सांगून कोडी घालण्याचे. गोव्यात आणि दक्षिण कोकणात तर तो ग्रामरक्षक दैवत आहे. रात्री गावाभोवती गस्त घालताना त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा अर्पण करावयाची चाल आहे. जो रात्री आपली राखण करतो त्यालाच परदेशी पुस्तकाने रक्तपिपासू ठरविले! नाव एकदा चिकटले म्हणजे ते किती चिवट असते, याचा हा पहिला दाखला. पुढे याच गोष्टीशी पुन्हा गाठ पडावयाची आहे.

आता चित्रपटाकडे वळू. या जातीचा पहिला नामांकित चित्रपट ‘नोस्फेराटू’ हा जर्मनीत १९२२ साली निघाला. दिग्दर्शक होते मुर्नाऊ आणि निर्माती होती प्राना नावाची एक चिमुकली संस्था. संस्थेने स्टोकरच्या कादंबरीचे हक्क विकत घेतले नाहीत. पात्रांची नावे तेवढी बदलली. अर्थातच स्टोकरच्या विधवा पत्नीने न्यायालयात धाव घेतली. संस्थेचे तोवर दिवाळे निघाले होते, म्हणून भरपाई मिळणे अशक्य झाले. तेव्हा १९२५ साली न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. परंतु काही प्रती परदेशी जाऊन पोचल्या होत्या, आणि म्हणून तो चित्रपट आज आपणांस पाहावयास मिळतो. मेलेले पिशाच पुन्हा उठावे तशीच ही कथा झाली.

या चित्रपटातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, सूर्यप्रकाश लागताच रक्तपिपासू पिशाच नाहीसे होते हा आज मुलामुलांना ठाऊक असलेला नियम स्टोकरच्या कादंबरीत नाहीच. तेथे ड्रॅक्युला दिवसाउजेडी हिंडतो, फक्त त्याचे सामर्थ्य कमी झालेले असते. उन्हाने मरण येण्याची कल्पना रूढ झाली ती या लहानशा चित्रपटापासून. दुसरी गोष्ट रानासंबंधी. पिशाचाच्या गढीकडे जाणाऱ्या घोडागाडीच्या प्रवासातील काही भाग मुर्नाऊने मुद्दाम उलट्या छापाच्या फितीवर, म्हणजे ‘निगेटिव्ह’वरच, दाखविला. त्यामुळे झाडे पांढरीफटक आणि आकाश काळे दिसू लागले. ना नवा देखावा उभारला, ना एखादे महागडे यंत्र आणले. ओळखीचेच रान क्षणात परलोकातले होऊन गेले.

अल्प भांडवलाचा निर्माता रानाकडे का धावतो, याचे उत्तर येथेच मिळते. शहरातील देखावा उभारावयाचा तर सुतार, रंगारी, भाड्याची जागा आणि दिव्यांचा मोठा ताफा लागतो. रान मात्र आयते उभे असते. झाडांच्या गर्दीमुळे चौकटीबाहेर काय आहे ते दिसत नाही, म्हणून चार माणसांवर भागते. दिवसा उन्हात चित्रण करून, उजेडाचे प्रमाण कमी ठेवून आणि भिंगावर निळी काच चढवून त्याची रात्र करता येते. थोडा धूर सोडला की धुके झाले. पुढे १९८१ साली अमेरिकेतील काही तरुणांनी ‘द ईव्हिल डेड’ हा चित्रपट टेनेसी प्रांतातील रानातल्या एका झोपडीवजा घरात काढला. रानातून धावत येणारी अदृश्य शक्ती दाखवावयास त्यांच्यापाशी पैसे नव्हते. त्यांनी कॅमेरा एका लांब फळीला ठोकून बसविला, फळीची दोन टोके दोघांनी धरली आणि ते झाडाझुडपांतून पळत सुटले! प्रेक्षकांनी मात्र त्या पळण्यात पिशाचाची चाल पाहिली.

म्हणजे भयपटातील भय मुख्यतः निर्मात्याच्या भांडवलातून येत नाही. ते प्रेक्षकाच्या मनातून येते आणि निर्माता केवळ त्यासाठी जागा रिकामी ठेवतो. अंधाऱ्या माजघरातील दोरीचा साप करावयास कोणी खर्च करावा लागतो काय? जे दिसत नाही ते मन आपल्या पदरच्या रंगांनी भरून काढते. भयपटाची सारी विद्या या एका सूत्रात सामावलेली आहे.

ही विद्या आपल्याकडे पद्धतशीरपणे व्यवसायात आणली ती रामसे बंधूंनी. आणि एकत्र कुटुंबात राहणाऱ्या आमच्या वाचकांना त्यांची हकीकत विशेष मनोरंजक वाटेल. या घराण्याचे मूळ आडनाव रामसिंघानी. फत्तेचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांना ते आडनाव उच्चारता येईना, म्हणून त्याचे ‘रामसे’ झाले. १९४७ च्या फाळणीत हे कुटुंब मुंबईस आले. लॅमिंग्टन रस्त्यावर पुन्हा रेडिओचे दुकान निघाले आणि जोडीला चित्रपटनिर्मितीचा नाद लागला. ‘शहीद-ए-आझम भगतसिंग’ (१९५४) आणि ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) हे त्यांचे आरंभीचे चित्रपट पाहिले तर त्यांत भुताखेतांचा मागमूसही नाही.

१९७० साली त्यांनी काढलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट आपटला. परंतु त्यात एक प्रवेश असा होता की, पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून वस्तुसंग्रहालयात चोरी करतात. फत्तेचंद यांच्या मुलांनी चित्रगृहात बसून पाहिले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, बाकीच्या चित्रपटाला कंटाळलेले प्रेक्षक या एका प्रवेशाला मात्र खुर्चीत सरसावून बसतात. व्यापारी घरातील मुले ती. गिऱ्हाईक कशावर हात ठेवते हे त्यांनी बरोबर हेरले. वडिलांना त्यांनी सांगितले, नुसत्या भयाचाच चित्रपट काढू या.

अशा रीतीने ‘दो गज जमीन के नीचे’ हा चित्रपट १९७२ साली पडद्यावर आला. सारी मंडळी मुंबईहून महाबळेश्वरास गेली, तेथील सरकारी विश्रामगृहात उतरली आणि सुमारे ४० दिवसांत, साडेतीन लाख रुपयांच्या आसपास खर्चात, चित्रपट पुरा झाला. त्या काळी नामांकित नटनट्यांच्या हिंदी चित्रपटाला याच्या कितीतरी पट रक्कम लागत असे. एवढ्या थोडक्यात हे जमले कसे? याचे उत्तर ‘घर’ हेच आहे. भाऊ सात. कुमार यांनी कथा-पटकथा पाहावी, तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन करावे, केशू व गंगू यांनी कॅमेरा सांभाळावा, किरण यांनी ध्वनिमुद्रण आणि अर्जुन यांनी संकलन, अशी कामाची वाटणी होती. घरातील बायकांनी साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला. पगाराची यादी आखूड, बाहेरचा खानावळवाला नाही, आणि रात्री अपरात्री काम लांबले तरी तक्रार करावयास कोणी परका नाही!

या बंधूंनी कोणत्याही चित्रपट विद्यालयात शिक्षण घेतले नव्हते. छायाचित्रणावरील जोसेफ मॅसेली यांचे एक इंग्रजी पाठ्यपुस्तक वडिलांनी आणले, आणि श्रीनगरास एका हाउसबोटीत राहून भावांनी ते अभ्यासले, प्रात्यक्षिके केली. एकत्र कुटुंबाविषयी आज पुष्कळ टीका होते, आणि ती सर्वस्वी निराधार आहे असेही नव्हे. परंतु एका छपराखाली सात धंदे शिकून सातांनी मिळून एक वस्तू घडवावी, याचे इतके सरळ उदाहरण आपल्या व्यवसायांत क्वचितच आढळेल.

हे चित्रपट मोठ्या शहरांतील मानाच्या चित्रगृहांच्या भरवशावर नव्हते. तालुक्याच्या गावची पत्र्याची चित्रगृहे, रात्रीचा शेवटचा खेळ, बाजाराच्या दिवशीची गर्दी, हे त्यांचे खरे आश्रयदाते. आमच्या वऱ्हाडाचा येथे आवर्जून उल्लेख करावयास हवा. ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ हा प्रांत कारभाराच्या नकाशावरून केव्हाच नाहीसा झाला. पण चित्रपटांच्या व्यापारात ‘सी. पी. बेरार’ हे मुलखाचे नाव पुढेही कायम राहिले आणि अमरावती हे वितरकांचे मोठे ठाणे झाले. यवतमाळ जिल्हा त्याच मुलखात मोडतो. प्रत्यक्ष जंगलाला लागून असलेल्या गावांतील माणसे दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी पडद्यावरच्या जंगलाला भ्यावयास जात, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

‘पुराना मंदिर’ हा १९८४ सालचा चित्रपट या मालिकेतील सर्वांत यशस्वी समजला जातो. सामरी नावाच्या दुष्टाचे शिर धडावेगळे करून पेटीत बंद करतात, आणि तो राजघराण्याला शाप देतो की, तुमच्या कुळातील स्त्रिया बाळंतपणात मरतील. शाप, कुळ, बाळंतपण आणि पिढ्यान्‌पिढ्या घरात दडवून ठेवलेली पेटी, ही सारी सामग्री विलायती नाही, आपल्या घरातली आहे हे वाचकांच्या ध्यानात येईलच. सामरीची भूमिका करणारे अनिरुद्ध अगरवाल हे रुरकी येथे शिकलेले स्थापत्य अभियंते. असामान्य उंची आणि चेहऱ्याची ठेवण यांमुळे त्यांना रंगभूषेचा आधार इतरांहून कमीच लागे.

याच अगरवालांनी १९९० साली ‘बंद दरवाजा’मध्ये नेवला हे पात्र रंगविले. ड्रॅक्युलाची अस्सल हिंदी आवृत्ती ती हीच. शवपेटी, सुळे, काळा झगा, वटवाघळाचे रूप, सारे काही त्यात आहे. पण कथेची सुरुवात पाहा. मूल होत नाही म्हणून सासरी छळ सोसणारी ठाकुराची पत्नी मोलकरणीच्या सांगण्यावरून काळ्या पहाडीवरील नेवल्याकडे जाते, आणि मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर माझी, अशी अट मान्य करून येते. म्हणजे युरोपातील पिशाचाला आपल्या घरात शिरावयाला जो दरवाजा सापडला तो वांझपणाच्या दूषणाचा आणि मुलीच्या नकोसेपणाचा! ‘बंद दरवाजा’च्या कर्त्यांना समाजसुधारणा करावयाची होती असे मुळीच नाही. परंतु भय विकणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या मनातील खरी भीती अचूक ओळखावी लागते; ती त्यांनी ओळखली होती.

प्राणिशास्त्राचा एक मुद्दा येथेच सांगून ठेवणे बरे, कारण मुलांच्या मनातून वटवाघळाची नाहक धास्ती जावयास हवी. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत, आणि त्या तिन्ही मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या प्रदेशात राहतात. युरोपातील पिशाचकथा जुनी. वटवाघळाला ते नाव नंतर मिळाले. हिंदुस्थानात त्यांतील एकही जात नाही. आपल्याकडची वटवाघळे फळे आणि कीटक खातात. काही थोडी बेडूक, उंदीर असे लहान जीव धरतात. पिकावरील किड्यांचा फडशा पाडणारा हा शेतकऱ्याचा मित्र पडद्यावर मात्र जन्माचा गुन्हेगार ठरला आहे.

१९९३ पासून रामसे मंडळींची भुते दूरदर्शन संचाच्या पडद्यावर मालिकारूपाने घरोघर आली आणि चित्रगृहातील त्यांचा दबदबा ओसरला. तुलसी रामसे २०१८ साली आणि श्याम रामसे २०१९ साली निवर्तले. त्यानंतरचा बदल लक्षणीय आहे. पुण्याच्या सरपोतदार या चित्रव्यवसायी घराण्यातील आदित्य सरपोतदार यांनी कोकणातील मुंजावर ‘मुंज्या’ (२०२४) हा हिंदी चित्रपट काढला, तो चांगलाच चालला. पाठोपाठ २०२५ च्या दिवाळीत त्यांचा ‘थामा’ आला. त्यात रानात राहणारे रक्तपिपासू वेताळ आहेत. बर्टनने १८७० साली केलेली सांगड दीडशे वर्षांनी एका मराठी दिग्दर्शकाच्या हातून पडद्यावर पुरी झाली. फरक इतकाच की, आता हा खेळ लाखांत राहिला नाही, कोटींच्या घरात गेला.

येथवर आपण पडद्यावरच्या रानात हिंडलो. आता खऱ्या रानात जावयाचे आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागात पांढरकवडा आणि राळेगावच्या बाजूला सागाची वने आणि कापसाची शेते एकमेकांत मिसळून गेलेली आहेत. गोंड आणि कोलाम लोकांना हे रान भयाचे स्थान कधीच नव्हते. मोहफुले, तेंदूपाने, डिंक, सरपण आणि गुरांची चराई यांसाठी ते रोजच्या वहिवाटीचे अंगण आहे. जवळच टिपेश्वरचे अभयारण्य आहे. पण त्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर एवढेच. वाघांची संख्या वाढली की काही वाघ हद्दीबाहेरच्या वनात आणि शेतांच्या कडेने आपला मुलूख शोधू लागतात. अशीच एक वाघीण, सरकारी दप्तरात ‘टी-१’ आणि वृत्तपत्रांत ‘अवनी’, या भागात वावरत होती.

२०१६ ते २०१८ या काळात या टापूत वाघाच्या हल्ल्यांत माणसे मरू लागली. १३ मृत्यूंचा संबंध या वाघिणीशी जोडण्यात आला. कापसाच्या ऐन हंगामात शेतात एकट्याने जाणे लोकांनी टाळले. गुराखी धास्तावले. तिला शोधण्यासाठी कॅमेऱ्यांचे सापळे लावले, हत्ती आणले, शिकारी कुत्री आणली, आकाशातून पाहणी केली. एवढेच काय, वास घेत तिने यावे म्हणून एक विलायती अत्तरही शिंपडले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती गोळीला बळी पडली. मागे सुमारे दहा महिन्यांचे दोन बछडे राहिले. तिला मारण्याच्या रीतीवरून देशभर वाद माजला.

या दोन वर्षांत जे बोलले व लिहिले गेले त्याकडे आज मागे वळून पाहिले तर एक गोष्ट जाणवते. एका पक्षाने त्या जनावराला ‘नरभक्षक’ म्हणून रक्ताला चटावलेली राक्षसीण केले; दुसऱ्या पक्षाने तिला केवळ बछड्यांची निरपराध माता केले. दोन्ही बाजूंनी एकेक चित्रपटच उभा केला होता. एकात पिशाच होते, दुसऱ्यात नायिका. आणि ज्याचा बाप किंवा भाऊ शेतातून परत आला नाही तो बोराटी-सराटीकडचा शेतकरी दोन्ही चित्रपटांत कोपऱ्यात उभा होता. वाघीण दुष्ट नसते आणि सुष्टही नसते. तिला भूक, पिल्ले आणि मुलूख एवढेच ठाऊक. शेत आणि रान यांची हद्द पुसट झाली, गुरे रानात आणि वाघ शेताच्या बांधावर आला, हे या घटनेचे कारण आहे. पण कारण हे पडद्यावर दिसावयाला फार रूक्ष, आणि सुळे हे फार सोयीचे.

भयपटातील पिशाचाचा अपराध सिद्ध करावा लागत नाही. सुळे दिसले की निकाल लागला. खऱ्या रानात मात्र हल्ला कोणत्या वाघाने केला हे ठरवावयाला पावलांचे ठसे, कॅमेऱ्यातील छायाचित्रे, जखमेतील लाळेची तपासणी असे सारे करावे लागते, आणि तरी शंका उरते. पिशाच मेल्यावर पडद्यावर पहाट होते आणि प्रेक्षक चहाला बाहेर पडतात. यवतमाळात वाघीण गेली, तरी रान, शेत, गुरे आणि इतर वाघ होते तेथेच राहिले. २०२१ साली आलेल्या अमित मसुरकर यांच्या ‘शेरनी’ या हिंदी चित्रपटाचे या घटनेशी पुष्कळ साम्य आहे. त्या दिग्दर्शकाने वाघिणीला पिशाच केले नाही आणि शेवटी पहाटही दाखविली नाही, हा त्याचा विवेक मानावा लागेल.

जनावराच्या बाबतीत जे घडते ते माणसाच्या बाबतीत घडले म्हणजे त्याचे स्वरूप अधिकच भयंकर होते. पडद्यावरील काळी विद्या जाणणारी म्हातारी, डोळे वटारणारा मांत्रिक, ही पात्रे आपण हसत हसत सोडून देतो. पण गावात एखादे मूल दगावले, एखाद्याचे ढोर मेले, की बोट कोणाकडे वळते? बहुधा एकट्या राहणाऱ्या विधवेकडे, म्हाताऱ्या बाईकडे. तिला ‘करणी करणारी’, ‘चेटकीण’ म्हणावयाला पुरावा लागत नाही. नाव चिकटले की पुरे. महाराष्ट्रात यासाठी कायदा करावा लागला. त्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा राज्यात आला. कोणी करणी करतो, कोणाच्या अंगी भूत आहे असे पसरवून त्याला छळणे हा त्या कायद्याने अपराध ठरविला आहे. वेताळाला लागलेले खोटे नाव दीडशे वर्षे टिकले, पण त्याने दैवताचे काही बिघडले नाही. हाडामांसाच्या बाईचे मात्र आयुष्य त्यात संपते.

तर मग हे चित्रपट घरात बंद करावेत काय? आमच्या मते नाही. बंदी घातलेला दरवाजा मुलांना अधिकच खुणावतो. शिवाय थोडेसे, मर्यादित आणि खोटे भय हे मनाला व्यायामासारखे आहे. आजीच्या मुंजाच्या गोष्टी ऐकून आपण कोणी बिघडलो नाही. फार लहान मुलांना आणि निजण्याच्या वेळी ते दाखवू नयेत, एवढे तारतम्य सांगावयास नको. मोठी मुले पाहत असतील तर काका, आत्या, आजोबा यांपैकी कोणीतरी शेजारी बसावे आणि चित्रपट संपल्यावर दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

पहिला प्रश्न, हे कसे केले असेल? धूर कोठून आला, रात्र खरी होती की निळ्या काचेची, पावलांचा आवाज कशाचा? मुले आपण होऊन शोधू लागतात, आणि शोधू लागलेले मूल भीत नाही. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा, आणि तो चित्रपटापुरता नाही: हा दोषी आहे हे कशावरून ठरले? पडद्यावर त्याचे उत्तर ‘सुळ्यांवरून’ असे आले तर हसून सोडून द्यावे. पण वृत्तपत्रात एखादे जनावर, गावात एखादी म्हातारी, शेजारात एखादे कुटुंब यांच्याविषयी कोणी असेच सांगू लागला तर हाच प्रश्न आपल्या मुलांच्या ओठांवर आपोआप यावा. तो आला, तर साडेतीन लाखांच्या त्या भुतांनी आपल्या घराला पुष्कळच शिकविले असे समजावयास हरकत नाही.